वळणावरची चिखलरेघ

"साहेब, एक्स्प्रेस गाडीसारखं आलं. दोन सेकंदांत खेळ खलास."

वॉचमन काकांचं हे वाक्य माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर आहे. त्याखाली सोसायटीच्या सेक्रेटरींचं : "ताशी ऐंशी तरी धरा." आणि त्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं. त्यांना झोप लागत नव्हती म्हणून त्या मागच्या गॅलरीत उभ्या होत्या. "पाणी नव्हतंच रे ते. डोंगर चालत आला. चालतच, पण थांबेना."

तिघांनी एकच गोष्ट पाहिली होती. डोंगरावरून उतरलेला चिखल-दगडांचा लोंढा. मला बोलावलं होतं ते त्याचा वेग काढायला.

जागा नवी मुंबईतली, बेलापूरच्या बाजूला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. मुंब्रा-कळव्याकडून निघालेली ही रांग बेलापूरपर्यंत येते. मुंब्र्याकडच्या टोकाला तिच्या पोटातून १९१६ सालचा रेल्वेचा पारसिक बोगदा जातो. डोंगर काळ्या पाषाणाचा, लाव्हाचे थर एकावर एक बसलेले, त्यावर कुठे हातभर तर कुठे पुरुषभर मुरूम आणि माती. सोसायटीच्या मागे एक घळ उतरते. उन्हाळ्यात तीत बकऱ्या चरतात, पावसाळ्यात पोरं धबधबा समजून आंघोळीला जातात. घळीच्या माथ्यावर बंद पडलेली दगडाची खाण आहे आणि तिथवर डंपर जाईल असा कच्चा रस्ता अजून शिल्लक आहे. या रस्त्याकडे पुन्हा येतो.

जुलैतली रात्र. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. पावणेतीनच्या सुमारास चिखल, दगड, झाडांची मुळं आणि विटांचे तुकडे असा लोंढा घळीतून उतरला, वळणावर एका काठाला चढला, खालचा काँक्रीटचा नाला त्याने बुजवला, मागची भिंत आडवी केली आणि तो पार्किंगमध्ये पसरला. माणूस कुणी गेला नाही. सात स्कूटर, एक कार आणि कोपऱ्यातली ओपन जिम गाडली गेली. जिमचं सायकलीचं हँडल तेवढं वर दिसत होतं, त्यावर कुणीतरी दुसऱ्या दिवशी ओली छत्री वाळत घातली होती.

नवी भिंत बांधायची ठरली. भिंतीचं डिझाइन करणाऱ्या इंजिनीअरने मला एकाच ओळीचा मेसेज पाठवला : "वेग किती धरू?" त्या एका आकड्यासाठी आमचे नऊ दिवस गेले.

सुरुवातीलाच शब्दाने घोळ घातला. फोनवर मी म्हणालो, "हा डेब्रिज फ्लो दिसतोय." सेक्रेटरींना वाटलं, रात्री चोरून टाकतात त्या बांधकामाच्या कचऱ्याबद्दल मी बोलतोय. नवी मुंबईत डेब्रिज म्हणजे तेच. राडारोडा म्हणावं तर त्याचाही अर्थ तोच. दरड म्हणावं तर डोळ्यांसमोर कडा सुटून खाली येतो. शेवटी आम्ही 'लोंढा' म्हणायचं ठरवलं. पण त्यांचा गैरसमज अगदीच वाया गेला नाही. पार्किंगमधल्या ढिगात निळ्या टाइल्सचे तुकडे सापडले. पारसिकच्या डोंगरावर कुणाचं बाथरूम नाही.

दरड आणि लोंढा यांत फरक आहे आणि तो वेगाशी जोडलेला आहे. दरड सुटते तिथून उतारावर घसरते आणि बहुधा पायथ्याशी थांबते. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये, २२ जुलै २०२१ ला तळियेमध्ये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीत डोंगराच्या अगदी अंगाला लागून असलेली घरं गेली. लोंढा मात्र घळ धरतो. सुटलेल्या मातीत पाणी इतकं मिसळतं की ती ओल्या काँक्रीटसारखी वाहू लागते, वाटेतला गाळ आणि दगड उचलत जाते आणि दरड जिथे थांबली असती त्याच्या कितीतरी पुढे जाऊन आदळते. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये राडारोडा सुमारे ८ किलोमीटर वाहत गेला. तिथे गेलेल्या कित्येकांच्या घरामागे डोंगर नव्हताच, नदी होती.

अशा लोंढ्याचं अंग एकसारखं नसतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ओरेगॉनच्या जंगलात ९५ मीटर लांब, २ मीटर रुंद काँक्रीटची घसरगुंडी बांधली आहे, ३१ अंश उताराची. वरच्या टाकीतून ओली वाळू आणि खडी सोडायची आणि खाली काय होतं ते मोजायचं. तिथे वर्षानुवर्षं दिसलेली गोष्ट अशी : मोठे दगड पुढे जमतात आणि त्यांचं एक बोथट, कोरडं, रेंगाळणारं तोंड तयार होतं, मागून पातळ, पाण्याने फुगलेला भाग त्याला ढकलत येतो. म्हणजे 'वेग किती' या प्रश्नाला लगेच उलट प्रश्न येतो : तोंडाचा की मागच्या अंगाचा, आणि घळीच्या कुठल्या जागी?

मला पहिल्या दिवशी हे माहीत नव्हतं असं नाही. घाईत विसरलो.

घळीतलं वळण पार्किंगच्या मागे दीडशे मीटरवर आहे. गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते तसा लोंढाही झुकतो. बाहेरच्या काठावर तो उंच चढतो, आतल्या काठावर खाली राहतो आणि ओसरताना दोन्हीकडे चिखलाची रेघ सोडून जातो. दोन रेघांच्या उंचीतला फरक, वरच्या पृष्ठाची रुंदी आणि वळणाची त्रिज्या एवढं मोजलं की वेग निघतो. गुरुत्वाकर्षणाचं ९.८१ घ्यायचं, त्याला त्रिज्येने आणि उंचीच्या फरकाने गुणायचं, रुंदीने भागायचं, उत्तराचं वर्गमूळ काढायचं. उतार जास्त असेल तर त्या कोनाची कोज्या गुणायची. आमच्या वळणावर उतार १२ अंश होता, म्हणजे ०.९८. सूत्र शाळकरी आहे, मापं मात्र नाहीत.

यंत्र नेलंच नव्हतं. ड्रोन त्या धुक्यात उडाला नसता आणि टोटल स्टेशन, म्हणजे तिपाईवरचं मोजणीचं यंत्र, त्या चिखलात उभं राहिलं नसतं. मेस्त्रीकडून लेव्हलची नळी मागून घेतली, वीस मीटरची, पारदर्शक, आत पाणी. टाइल्स बसवताना खोलीच्या दोन कोपऱ्यांत एकच पातळी धरायला वापरतात तीच. एक टोक मी आतल्या काठावरच्या रेघेला लावलं, दुसरं माझ्या सहायक मुलीने पलीकडच्या काठावर उभ्या पट्टीला. आत बुडबुडा राहिला की नळी साफ खोटं बोलते, म्हणून दोनदा पाणी सोडून पुन्हा भरली. पावसात नळीतलं पाणी आणि बाहेरचं पाणी वेगळं दिसेना, तेव्हा मेस्त्रीने आपल्या तंबाखूच्या पुडीतला चिमूटभर चुना आत टाकला. पाणी दुधाळ झालं आणि दिसू लागलं. हा उपाय मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

बाहेरच्या काठावर एका सावरीच्या खोडावर चिखल अगदी वरपर्यंत होता. तिथवर मोजलं : फरक १.९ मीटर. रुंदी ६ मीटर, त्रिज्या १८ मीटरच्या आसपास. आकडेमोड गाडीतच केली. सेकंदाला ७.४ मीटर, ताशी २७ किलोमीटर. मी तो आकडा डिझाइनवाल्याला लगेच पाठवूनही टाकला.

संध्याकाळी मोबाइलवरचे फोटो मोठे करून बघताना सहायक म्हणाली, "सर, खोडावर ही रेघ नाहीये. ठिपके आहेत."

ती बरोबर होती. खोडावरचा वरचा चिखल शिंतोड्यांचा होता. दगड आपटून उडालेला, एकेक ठिपका वेगळा, मध्ये कोरडी साल. लोंढ्याचा खरा पृष्ठभाग जिथे घासून गेला तिथे सलग थर असतो, त्याला खालून वर एक कड असते, गवत एकाच दिशेने झोपलेलं असतं आणि सालीवर खरचटलेलं दिसतं. दुसऱ्या दिवशी परत गेलो, खोड सोडून काठावरच्या गवतातली रेघ धरली आणि फरक १.१ मीटरवर आला. वेग ५.७. डिझाइनवाल्याला फोन करून कालचा आकडा खोडायला सांगितलं. त्याने विचारलं, "उद्या अजून कमी होणार का?" मी म्हटलं, बहुतेक हो.

आतल्या काठाच्या रेघेचीही तीच कथा, फक्त उलटी. लोंढा गेल्यावर दोन तास घळीतून साधं पुराचं पाणी वाहत होतं. त्याने आतल्या काठावरची रेघ दोन जागी धुऊन खाली स्वतःची एक पुसट रेघ ओढली होती. ती धरली असती तर फरक पुन्हा वाढला असता. चिखल नखाने खरवडून पाहिला. लोंढ्याच्या थरात मुरमाचे खडे रुतलेले, पाण्याच्या थरात नुसती पिठासारखी माती. खडे असलेली रेघ आमची.

त्रिज्येने सगळ्यात जास्त छळलं. निसर्गातलं वळण कंपासने काढलेलं नसतं. २० मीटरची दोरी जीवा म्हणून ताणली, मधोमध दोरीपासून घळीच्या मध्यरेषेपर्यंतचं अंतर ३ मीटर भरलं : त्रिज्या १८.२. दोरी १२ मीटरची घेतली तर मधलं अंतर ८५ सेंटिमीटर : त्रिज्या २१.६. घळ तीच, वळण तेच. वर्गमूळामुळे हा फरक थोडा निवळतो, ५.७ च्या जागी ६.२ येतात. आम्ही लांब दोरीची त्रिज्या घेतली. कारण छोटी दोरी एकेका दगडाच्या बाकाला वळण समजते.

आणि मग तो गुणक. वरचं सूत्र पाण्यासाठी नेमकं आहे. लोंढा पाणी नाही. त्यातले दगड एकमेकांवर घासतात, काठावर चढतात, आणि त्यामुळे त्याच वेगाला तो पाण्यापेक्षा जास्त झुकू शकतो. म्हणून सूत्रात खाली एक दुरुस्तीचा गुणक घालतात. तो किती घ्यायचा यावर कॅनडाचे अभ्यासक ओल्डरिख हंगर आणि सहकाऱ्यांच्या १९८४ च्या कामापासून आजपर्यंत एकमत नाही. वाळू-खडीच्या प्रयोगांतून आणि खऱ्या घळींतून १ पासून ५ पर्यंतचे आकडे आले आहेत. आमच्या वळणाला १ घेतला तर ५.७, २ घेतला तर ४.०, ३ घेतला तर ३.३, ५ घेतला तर २.५. चिखलरेघ मिलिमीटरपर्यंत मोजून काय उपयोग, उत्तर दुप्पट-निमपट हलवणारा आकडा शेजारीच बसलाय. असे गुणक मला आवडत नाहीत. आपल्याला काय कळलेलं नाही त्याला एक अक्षर देऊन टेबलात बसवलेलं असतं. पण टाळता येत नाही, म्हणून तो बाहेरून, दुसऱ्या कुठल्या पुराव्याने बांधून घ्यावा लागतो.

तो पुरावा सोसायटीच्या मागच्या गेटवर टांगलेला होता.

सीसीटीव्हीत नाल्याचा सरळ भाग दिसतो. विजेच्या खांबापासून चेंबरच्या झाकणापर्यंत टेपने १२.४ मीटर. स्क्रीनवरचं घड्याळ फक्त सेकंद दाखवतं, त्यामुळे लोंढ्याला खांबापासून झाकणापर्यंत 'तीन किंवा चार' सेकंद लागले एवढंच कळत होतं. म्हणून एकेक फ्रेम पुढे ढकलत मोजल्या : ३७. सेटिंगमध्ये सेकंदाला १५ फ्रेम लिहिलेल्या. भागाकार केला तर २.५ सेकंद, वेग बरोब्बर ५. आकडा इतका गोंडस की माझा लगेच विश्वास बसला.

सहायकाचा बसला नाही. तिचं म्हणणं, स्वस्तातले कॅमेरे अंधारात फ्रेम गाळतात. ती रात्री अकराला त्याच कॅमेऱ्यासमोर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभी राहिली, वर काकांनी छत्री धरली. रेकॉर्डिंग काढून पाहिलं : दहा सेकंदांत ११२ फ्रेम. पंधरा नव्हेत, अकरा पूर्णांक दोन. म्हणजे लोंढ्याला लागले ३.३ सेकंद आणि तोंडाचा वेग निघाला ३.८ मीटर. छापील सेटिंगवर विसंबलो असतो तर भिंतीवरचा जोर पावणेदोन पट निघाला असता.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये एक निळं प्लास्टिकचं पिंप आहे. तोंड पुढे निघून गेल्यावर आठ-नऊ सेकंदांनी ते तरंगत येतं आणि तेच अंतर २६ फ्रेममध्ये कापतं. २.३ सेकंद, वेग ५.३. मागचं अंग तोंडापेक्षा जोरात होतं. ओरेगॉनच्या घसरगुंडीवर दिसतं तेच, बेलापुरात एका पिंपाने दाखवलं. अर्थात पिंप पृष्ठभागावर होतं, आणि पृष्ठभाग तळापेक्षा नेहमीच पुढे पळतो. सगळ्या जाडीची सरासरी घेतली तर त्याच्या बरीच खाली, चार-साडेचारच्या घरात यावी. वळणावरची सर्वांत उंच रेघ याच मागच्या फुगवट्याने ओढली असणार, तोंडाने नव्हे. वळणावर उतार थोडा जास्त, नाल्यात ६ अंश. सगळं जुळवून पाहिलं तर वळणावर सेकंदाला साडेचार मीटर पटतं, आणि त्यासाठी तो भानगडीचा गुणक १.६ घ्यावा लागतो. आता तो टेबलातून उचललेला राहिला नाही, आमच्या घळीचा झाला. दुसऱ्या घळीला मी तो लावणार नाही.

काकांनाही मोजलं. त्यांना विचारलं, आवाज आल्यापासून भिंत पडेपर्यंत तुम्ही काय काय केलं, ते जसंच्या तसं पुन्हा करून दाखवा. ते केबिनमध्ये खुर्चीवर बसले. "आता घरघर आली," म्हणाले, उठले, चपला शोधल्या, बॅटरी घेतली, मागच्या गेटपाशी गेले, वर उजेड मारला, "अरे देवा," म्हणाले, वळले, पळत येऊन बेलचं बटण दाबून धरलं. "आणि धाडकन." सहायकाच्या मोबाइलवर ३४ सेकंद. काका स्वतःच चकित झाले. "दोनच सेकंद वाटले हो मला." महाडकडचे आहेत ते; २०२१ च्या पावसात तळियेची बातमी आली तेव्हा त्यांचा भाऊ मदतीला गेला होता. डोंगराचा आवाज त्यांच्या कानात आधीपासून आहे, त्यामुळेच ते उठले. घरघर ऐकू आली तेव्हा लोंढा नेमका कुठे होता हे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून त्या ३४ सेकंदांवरून मी वेग काढला नाही. दीडशे मीटर भागिले चौतीस केलं की ४.४ येतात हे मला दिसलं होतं, पण ते मी वहीतच ठेवलं.

तसा एक आकडा सेक्रेटरींच्या पुतण्याने आणून दिला होता, तो इंजिनीअरिंगला आहे. लोंढ्याबरोबर एक धोंडा पार्किंगपर्यंत आला होता, १.१ मीटर व्यासाचा, दोन टन वजनाचा. नदीच्या पुरात अमुक आकाराचा दगड हलवायला किती वेग लागतो याचं सूत्र त्याने शोधलं आणि उत्तर आलं साडेपाच मीटर. आमच्या आकड्याला लागून. पोरगा खूश. त्याला समजावताना मला वाईट वाटलं, पण ते सूत्र पाण्याने लोटलेल्या दगडाचं आहे. घट्ट लोंढ्यात धोंडा अर्धा तरंगतो, शेजारच्या दगडांच्या खांद्यावर बसून येतो. सेकंदाला एक मीटरनेही आला असता. उत्तर जुळलं तो योगायोग. चुकीच्या वाटेने बरोबर ठिकाणी पोहोचलेला आकडा अहवालात घातला तर पुढच्या वेळी कुणीतरी ती वाट धरतो.

एक तपासणी मात्र ठेवली, कारण ती अगदी वेगळ्या दिशेने येते. ढिगारा उचलणाऱ्या डंपरवाल्याच्या पावत्या सेक्रेटरींनी जपून ठेवल्या होत्या : तीन ब्रासच्या पन्नास फेऱ्या. दीडशे ब्रास म्हणजे ४२५ घनमीटर. स्वित्झर्लंडच्या डीटर रिकेनमान यांनी १९९९ मध्ये जगभरच्या लोंढ्यांवरून एक आडाखा मांडला : एकूण घनफळाचा ०.८३ वा घात घ्या, त्याला दहाने भागा, सेकंदाला जास्तीत जास्त किती घनमीटर आलं ते साधारण कळतं. आमच्याकडे १५ येतात. वळणाखालच्या सरळ भागात लोंढ्याचा छेद ५ चौरस मीटर होता, म्हणजे वेग ३ मीटर. आडाखा दुप्पट-निमपट चुकू शकतो, ते त्याच्या स्वभावात आहे. पण त्याने ताशी ऐंशीचा प्रश्न कायमचा मिटवला. ताशी ऐंशी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. त्या वेगाने त्या छेदातून दीडशे ब्रास चार सेकंदांत निघून गेले असते. रेकॉर्डिंगमध्ये लोंढ्याचा भर अर्धा मिनिट चालला.

इथे एक बाजूची गोष्ट, पण मला ती भिंतीपेक्षा महत्त्वाची वाटली. नाल्याखाली रस्ता ओलांडायला ९०० मिलिमीटरचे दोन पाइप टाकलेले आहेत. घळीचं पाणलोट सहा हेक्टर. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला आणि तो सगळा वाहून आला तरी पाणी येतं सेकंदाला पावणेदोन घनमीटरच्या आत. पाइप त्याला पुरतात, हिशेब चोख आहे. त्या रात्री मात्र साडेचारच्या वेगाने बावीस घनमीटर आलं, तेरा पट. पावसाच्या हिशेबात हे बसूच शकत नाही, कारण हे पावसाचं पाणी नव्हतं. आधी कितीतरी वेळ साठलेला माल होता, अर्ध्या मिनिटात सुटलेला. पाइप पहिल्याच झाडाच्या बुंध्याने बंद झाले.

साठलेला माल कुठला हे बघायला आम्ही कच्च्या रस्त्याने माथ्यावर गेलो. घळीच्या तोंडाशी खाणीच्या काळातला फुफाटा आणि मुरूम होताच. त्याच्यावर ताज्या ढिगांची रांग होती, टाइल्स, विटा, प्लास्टरची पोती, एक फुटका कमोड. डंपर मागे घेऊन उलटल्याच्या चाकोऱ्या काठापर्यंत. कुणी टाकलं ते आम्हाला कळलं नाही, कळून घ्यायला नेमलंही नव्हतं. ढिगांच्या मधोमध नारळाच्या वाटीसारखी मोठी खाच पडलेली होती आणि खालून ओल झिरपत होती. सुटायचं होतं त्यातलं निम्मंच सुटलं होतं.

सोसायटीच्या सभेत मी वेगाचे तीन आकडे ठेवले : वळणावर ४.५, पट्टा ३.५ ते ५.७, आणि नाल्यात तोंडाचा वेग ३.८. लगेच कुजबुज. एका गटाला वाटत होतं की आकडा मोठा लिहिला तर निधीच्या अर्जाला वजन येईल. "पन्नास किलोमीटर लिहायला तुमचं काय जातं?" दुसऱ्या बाजूने भिंतीचा कंत्राटदार दोन मीटर वेग पुरे म्हणत होता, भिंत स्वस्तात बसत होती.

काय जातं ते फळ्यावर मांडलं. लोंढ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. घनता पाण्याच्या दुप्पट धरली तर दोन मीटर वेगाला भिंतीच्या चौरस मीटरवर ०.८ टन. साडेचारला ४ टन. माझ्या पहिल्या दिवसाच्या चुकीच्या ७.४ ला ११ टन. आणि ताशी ऐंशीला शंभर टन, म्हणजे भिंत नको, धरणच बांधा. धोंड्याचा मार यात धरलेला नाही, तो वेगळा काढावा लागतो. पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "मी चालतच म्हटलं होतं." खरं आहे. साडेचार मीटर म्हणजे ताशी सोळा किलोमीटर, सायकलवाला आरामात जातो तेवढं. तरीही दरडींच्या वर्गवारीत सेकंदाला ५ मीटरच्या वर सर्वांत वरची पायरी सुरू होते, कारण त्यापुढे धडधाकट माणूसही पळून सुटत नाही. आमचा पट्टा त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. चिखलात, अंधारात, चपला शोधत पळणाऱ्याला साडेतीनही पुष्कळ झाले.

डिझाइनला ५.७ घ्यायला सांगितलं, पट्ट्याचं वरचं टोक. मोजलेला वेग विचाराल तर ४.५, भिंतीसाठी विचाराल तर ५.७. हे दोन आकडे अहवालात मुद्दाम दोन वेगळ्या पानांवर ठेवले, कारण पुढे कुणीतरी त्यांची सरासरी काढतो. भिंत आडवी न बांधता तिरकी, लोंढ्याला मोकळ्या प्लॉटकडे वळवणारी. वळणाखाली धोंडे अडवायला लोखंडी खांबांची रांग, पाणी जाऊ देणारी. आणि सगळ्यात आधी माथ्यावरचे ढीग हलवायचे. ते हलले, डिसेंबरात, बऱ्याच पत्रांनंतर. कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी दोन मोठे दगड टाकून डंपरची वाट बंद केली. खांब मार्चमध्ये झाले. भिंत अजून अर्धी आहे.

वळणाच्या दोन्ही काठांवर आम्ही खडकात खिळे ठोकून ऑइलपेंटने पट्टे ओढलेत, तळापासून दर २० सेंटिमीटरला एक, आलटून पालटून लाल आणि पांढरा. पुढच्या वेळी नळी आणि चुना लागू नये म्हणून. काकांना दोन्ही बाजूंचे पट्टे वाचायला शिकवलं. मोठा पाऊस ओसरला की उजेडात लांबूनच बघायचे आणि फोन करायचा.

यंदाच्या जूनच्या शेवटी सकाळी सातला फोन आला. रात्रभर कोसळला होता. मी विचारायच्या आधीच काका म्हणाले, "साहेब, अलीकडे तिसरा पट्टा भिजलाय."

"आणि पलीकडे?"

"पलीकडेही तिसराच."